पेट्रोलच्या नळीचे वार्धक्य

मोटरसायकलीच्या टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणारी रबरी नळी ही त्या वाहनातील अत्यंत स्वस्त वस्तूंपैकी एक होय. तिची लांबी बहुधा वीतभरच असते आणि आतील पोकळी शिसपेन्सिलीहूनही बारीक. जुने वाहन विकत घेणारा मनुष्य रंग पाहतो, टायर दाबून पाहतो, इंजिनाच्या आवाजाकडे कान देतो. परंतु टाकीखाली वाकून या नळीकडे पाहणारा ग्राहक विरळाच. वास्तविक टाकीतील दहा-बारा लिटर ज्वालाग्राही द्रव आणि त्याखाली तापत असलेले इंजिन या दोहोंमध्ये जी आड भिंत असते, ती या नळीच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रबराची. ही भिंत एका दिवसात कोसळत नाही. ती वर्षानुवर्षे आतून आणि बाहेरून झिजत जाते, आणि तिचे हे म्हातारपण डोळ्यांना दिसू लागते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

इंदूर शहरात दुचाकी वाहन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे दुधाचे कॅन दोन्ही बाजूंस लटकावून येणारा गवळी, दुपारच्या उन्हात घरोघर पार्सले पोहोचविणारा तरुण, सियागंजच्या घाऊक बाजारातून माल घेऊन आपल्या वस्तीतील दुकानाकडे परतणारा किरकोळ व्यापारी, पीथमपूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा कामगार, अशा कित्येकांची रोजी दुचाकीच्या चाकांवर चालते. यांपैकी सर्वांचीच वाहने नवी नसतात. एकाने वापरलेले वाहन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते. अशा प्रत्येक हस्तांतरात नोंदणीवरील नाव बदलते, इंजिनातील तेल बदलते, प्रसंगी रंगही बदलतो. पेट्रोलची नळी मात्र मूळचीच राहते. ती कधी बसविली, तिचे वय काय, हे तिसऱ्या मालकास ठाऊक असण्याचा संभवच नसतो.

इंदूरकरांना या विषयाची दोन रूपे घराजवळच पाहावयास मिळतात. शहरापासून सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरांवर, धार जिल्ह्यात असलेले पीथमपूर हे मोटारउद्योगाचे एक मोठे केंद्र आहे. एके काळी घरोघरी दिसणारी कायनेटिक-होंडा स्कूटर येथेच तयार होत असे. वाहनांची परीक्षा घेणारा नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटर लांबीचा वेगवान मार्ग २०२१ साली येथेच खुला झाला. आणि २०१८ साली जावा हे जुने नाव जेव्हा पुन्हा भारतीय बाजारात आले, तेव्हा त्या नव्या मोटरसायकली पीथमपूरच्याच कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. मूळची भारतीय जावा १९६१ पासून म्हैसुरास बनत असे. पुढे तिला येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. या जुन्या आणि नव्या जावांत एक महत्त्वाचा भेद आहे. जुन्या गाडीत पेट्रोल टाकीतून केवळ स्वतःच्या वजनाने खाली कार्बोरेटरात उतरते. नळीतील हा दाब इतका अल्प असतो की तो वातावरणाच्या दाबाच्या शेकडा दोन-तीन एवढाही क्वचितच भरावा. नव्या गाडीत टाकीमधील विजेचा पंप पेट्रोल दाबून इंजेक्टरकडे पाठवितो आणि तो दाब सामान्यतः वातावरणाच्या दाबाच्या तिप्पट असतो. म्हणजे नळी म्हटले की दोन्हीकडे नळीच. परंतु एकीने थेंब सांभाळावयाचा असतो आणि दुसरीने झोत. एकीच्या जागी दुसरीच्या जातीचा भलताच तुकडा बसवून चालत नाही, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावयास हवी.

रबर आणि पेट्रोल यांचे वैर फार जुने आहे. १८२३ साली स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश याने दगडी कोळशापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवून त्याचा लेप दोन कापडांच्या मध्ये दिला आणि पाण्याचा थेंब आत न शिरू देणारे कापड तयार केले. पावसाळी कोटाचा जन्म त्यातून झाला. परंतु त्याच प्रयोगाची दुसरी बाजू अशी, की पाण्याला दाद न देणारे रबर नॅफ्थ्यासारख्या द्रवात मात्र सहज विरघळते. आणि पेट्रोल हे त्याच प्रकारचे द्रव होय. पुढे १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यास रबरात गंधक मिसळून ते तापविण्याची युक्ती साधली. त्यामुळे रबराच्या लांबच लांब रेणूंना परस्परांशी बांधणारे दुवे निर्माण झाले. रबर उन्हाने चिकट व थंडीने कडक होईनासे झाले. असे बांधलेले रबर पेट्रोलमध्ये विरघळत नाही, परंतु फुगते. स्पंजाने पाणी प्यावे तसे ते पेट्रोल पिते, मऊ पडते आणि आपले बळ गमावते. म्हणूनच झाडाच्या चिकापासून केलेले साधे रबर, उदाहरणार्थ सायकलीच्या ट्यूबचा तुकडा, पेट्रोलच्या कामी निरुपयोगी ठरते.

या अडचणीवर उपाय सापडला तो कृत्रिम रबरामुळे. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झाले. त्याच्या रेणूंत विद्युतभाराचा असमतोल असलेले घटक गुंफलेले असतात, आणि पेट्रोलमधील हायड्रोकार्बनांशी त्यांचे जुळत नाही. समानशीलांचे सख्य हा नियम विद्रावणातही खरा आहे. शीलच भिन्न असल्यामुळे पेट्रोल या रबरात शिरावयास कचरते. त्याच सुमारास अमेरिकेत निओप्रीन हे दुसरे कृत्रिम रबर निघाले. ते ऊन आणि हवा यांस अधिक काळ तोंड देते. चांगल्या प्रतीच्या नळीत या दोन्ही गुणांचा उपयोग केलेला आढळतो. आतील अस्तर पेट्रोलला न जुमानणारे, मध्ये सुताची विणलेली जाळी, आणि बाहेरचे आवरण ऊन-वारा सोसणारे, अशी तिची तीनपदरी रचना असते. बाहेरून मात्र ती एक साधी काळी नळीच दिसते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचे तेही एक कारण आहे.

एवढे असूनही ती जीर्ण होतेच, आणि त्याची कारणे निरनिराळी आहेत. पहिले कारण पेट्रोल हेच. रबर लवचिक राहावे म्हणून कारखान्यात त्यात तेलासारखे काही पदार्थ मिसळलेले असतात. पेट्रोल ते पदार्थ हळूहळू धुऊन नेते. जोवर नळीत पेट्रोल भरलेले असते तोवर त्या पदार्थांची रिकामी जागा पेट्रोलच भरून काढते आणि नळी वरवर सुस्थितीत दिसते. परंतु गाडी चार-सहा महिने उभी राहिली आणि नळी कोरडी पडली, की ती आकसते, कडक होते आणि तडकते. पावसाळाभर ओसरीत झाकून ठेवलेली मोटरसायकल दिवाळीच्या सुमारास बाहेर काढावी, टाकी भरावी आणि थोड्याच वेळात खाली ओघळ दिसावा, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. न वापरलेली वस्तू नवी राहते ही समजूत निदान रबराच्या बाबतीत खरी नव्हे.

दुसरे कारण उष्णता. माळव्याच्या पठारावरील रात्री सुखद म्हणून प्रसिद्ध असल्या, तरी मे महिन्यात इंदूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. उन्हात उभी केलेली गाडी, तिच्या टाकीचा तापलेला पत्रा आणि त्याखालील इंजिनाची धग यांच्यामध्ये नळी सापडते. उष्णता वाढली की रबराचा हवेतील प्राणवायूशी होणारा संयोगही वेगाने होऊ लागतो. दर दहा अंशांच्या वाढीस असा वेग साधारणतः दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातील एक ढोबळ नियम आहे. तिसरे कारण हवेतील ओझोन. तो अत्यल्प प्रमाणात असला तरी ताणलेल्या रबरावर त्याचा आघात विशेष होतो. म्हणून नळीचे जे टोक तोटीवर ताणून बसविलेले असते, तेथे लांबीच्या दिशेने चिरा पडतात. आणि जेथे नळी वाकलेली असते, तेथे वाकणाच्या बाहेरील अंगास आडव्या चिरा दिसतात. मधला सरळ भाग अशा वेळी धडधाकट असू शकतो. तेव्हा नळीची परीक्षा तिच्या मध्यावर बोट फिरवून होत नाही; ती टोकांशी आणि वाकणांशी करावी लागते.

या जुन्या कारणांत अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे, ती म्हणजे पेट्रोलमधील इथेनॉल. उसाची मळी, मका, तांदूळ आदींपासून तयार होणारे हे मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळण्याचा उपक्रम आपल्या देशात २००३ साली शेकडा पाच या प्रमाणापासून सुरू झाला. २०२२ च्या जूनमध्ये हे प्रमाण शेकडा दहावर पोहोचले. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीपासून निवडक पंपांवर मिळू लागले आणि २०२५ मध्ये देशभराची सरासरी वीस टक्क्यांपर्यंत गेली. परदेशी तेलावरील खर्च कमी व्हावा आणि शेतकऱ्याच्या मालास नवे गिऱ्हाईक मिळावे, हे या धोरणाचे हेतू आहेत. परंतु इथेनॉलचा स्वभाव पेट्रोलहून वेगळा आहे. जे नायट्राइल रबर पेट्रोलला दूर ठेवते, त्यात इथेनॉल व पेट्रोल यांचे मिश्रण अधिक शिरकाव करू शकते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्यात टाकीत ओलावा प्रमाणाबाहेर गेला, की इथेनॉल आणि पाणी यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो; आणि टाकीचा कॉक व नळी तळाशीच असल्यामुळे हा थर प्रथम त्यांच्याच वाट्यास येतो.

२०२३ च्या एप्रिलनंतर तयार झालेल्या वाहनांत असे मिश्रण सोसणारे रबर वापरण्याची व्यवस्था झालेली आहे. प्रश्न उरतो तो त्यापूर्वीच्या वाहनांचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेच आपल्या निवेदनात असे म्हटले, की काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटर चालल्यानंतर रबराचे काही भाग व गॅस्केटे बदलण्याचा सल्ला दिला जाऊ शकेल, आणि हे काम स्वल्प खर्चाचे असून नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी होण्याजोगे आहे. हा सल्ला योग्य आहे. परंतु तो ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. दिवसाकाठी साठ-सत्तर किलोमीटर फिरणारा पार्सलवाला वर्षभरात वीस हजारांचा पल्ला गाठतो. तो कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात न जाता बहुधा नाक्यावरच्या मिस्त्रीकडे जातो. त्या मिस्त्रीस ही गोष्ट ठाऊक असली, तरच त्या निवेदनाचा उपयोग. राष्ट्रीय धोरणाचा हिशेब मोठ्या आकड्यांत होतो. त्या धोरणाचा अखेरचा सांधा मात्र अशा वीतभर नळीत असतो.

नळी जीर्ण झाल्याची चिन्हे ओळखण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. पहिले चिन्ह वास. रात्री बंद खोलीत किंवा जिन्याखाली ठेवलेल्या गाडीपाशी सकाळी पेट्रोलचा दर्प आला, तर तो नेहमीचाच म्हणून सोडून देऊ नये. दुसरे चिन्ह स्पर्श. निरोगी नळी चिमटीत दाबली असता दबते आणि सोडताच पूर्ववत होते. ती लाकडासारखी कडक लागली, अथवा लोण्यासारखी मऊ आणि फुगलेली लागली, अथवा बोटांस काळे लागले, तर तिचे आयुष्य संपले असे समजावे. तिसरे चिन्ह टोकांशी वा वाकणाशी दिसणाऱ्या बारीक चिरा. नळी किंचित वाकविली असता त्या उघडतात. चौथे चिन्ह मात्र फसवे आहे. कधी कधी नळी बाहेरून ठीक असते आणि आतील अस्तर सुटून त्याचा पापुद्रा आड येतो. मग गाडी गावात नीट चालते. परंतु ओंकारेश्वराच्या वाटेवर सिमरोलपुढील घाटात तिला अधिक पेट्रोल हवे असते तेव्हा ती गुदमरते, आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते. अस्तराचे काळे कण कार्बोरेटरात उतरले, तर तेथील सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल ओसंडून वाहू लागते. अशा वेळी कार्बोरेटर पुन्हा पुन्हा साफ केला जातो. दोष वरच्या नळीत आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

यात धोका कोणता, हेही स्पष्ट समजले पाहिजे. पेट्रोल हे द्रवरूपात जळत नसून त्याची वाफ जळते, आणि ही वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या तपमानातही पेट घेण्याइतकी तयार होत असते. मग माळव्याच्या उन्हाळ्याची गोष्टच नको. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून न जाता जमिनीसरशी पसरते, जिन्याखाली साचते, आणि दूरवरच्या शेगडीपर्यंत अथवा देवघरातील समईपर्यंतही पोहोचू शकते. हवेत तिचे प्रमाण शेकडा सुमारे दीड ते साडेसात एवढे झाले, की एक ठिणगी पुरते. ती ठिणगी विजेच्या बटणाची असेल, सैल झालेल्या प्लगच्या तारेची असेल, अथवा गाडी सुरू करणाऱ्या स्टार्टरची असेल. इंदूरच्या जुन्या पेठांत खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि जिन्याखाली गाड्यांची रांग अशी घरे पुष्कळ आहेत. तेथे एका नळीची गळती ही एकट्या मालकाची बाब राहत नाही. ती साऱ्या बिऱ्हाडकरूंची बाब होते.

गळती दिसल्यावर लोक जे तात्पुरते उपाय करतात, त्यांचाही विचार केला पाहिजे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध उपाय म्हणजे साबण. पेट्रोल झिरपत असेल तेथे अंगाच्या अथवा कपड्यांच्या साबणाची वडी घासली की गळती थांबते, हा अनुभव अनेकांचा आहे. आणि तो खोटा नाही. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो चिरेत बसतो आणि काही काळ टिकतो. परंतु तो पाण्यात विरघळतो. पावसाची पहिली सर आली की हा बांध वाहून जातो. पेट्रोलमध्ये इथेनॉल व ओलावा असतील तर तो त्याहूनही कमी टिकतो. निर्जन रस्त्यावरून घरापर्यंत अथवा जवळच्या गॅरेजपर्यंत गाडी ढकलत नेताना पेट्रोल वाया जाऊ नये, एवढ्यापुरताच साबणाचा उपयोग. त्यावर विसंबून गाडी चालविणे हे साहस होय. विजेच्या तारांवर गुंडाळावयाची चिकटपट्टी तर त्याहून कुचकामाची. तिचा गोंद पेट्रोलने सुटतो. तिसरा प्रकार म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची स्वस्त नळी. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात ती नळी दिसावयास स्वच्छ, आतील पेट्रोलही दिसते, त्यामुळे ती मनास पटते. परंतु पेट्रोल तिच्यातील मऊपणा काही महिन्यांतच धुऊन नेते. ती पिवळी पडते, काचेसारखी कडक होते आणि तोटीवरून निसटते. इंजिनाच्या धगीने ती मऊ होऊन दबते ती वेगळीच.

नळी बदलण्याचे काम साधे आहे. मात्र ते क्रमाने झाले पाहिजे. इंजिन पूर्ण थंड झालेले असावे, जागा उघडी व हवेशीर असावी, आणि जवळपास विडी, शेगडी वा दिवा नसावा. बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी. कॉक बंद करावा. परंतु जुन्या गाडीचा कॉकही झिजलेला असू शकतो, म्हणून टाकीतील पेट्रोल झाकणाच्या धातूच्या डब्यात काढून घेणे अधिक सुरक्षित. काही गाड्यांत कॉकला बंद ही खूणच नसते. इंजिनाच्या ओढीने तो आपोआप उघडतो व मिटतो. अशा गाडीत कॉकला दुसरी एक बारीक नळी जोडलेली असते. ती पेट्रोलची नसून हवेच्या ओढीची असते आणि दोहोंची अदलाबदल होता कामा नये. जुनी नळी तोटीस चिकटून बसली असेल, तर ती पक्कडीने पिळून ओढू नये. कार्बोरेटरची तोटी मऊ धातूची असते आणि ती वाकली वा सैल झाली, तर शंभर रुपयांच्या आतील काम कार्बोरेटर बदलण्यापर्यंत जाते. नळी टोकाशी ब्लेडने लांबीच्या दिशेने, तोटीस चरा न पडेल अशा बेताने, हलकेच चिरावी. ती आपोआप सुटते.

नवी नळी घेताना जुनीचा तुकडा बरोबर न्यावा, परंतु माप तिच्या फुगलेल्या टोकावरून न घेता तोटीच्या व्यासावरून घ्यावे. रुंद नळी क्लिप आवळून बसविता येते, पण तिच्यात सुरकुती राहते आणि सुरकुतीतून गळती होते. नळीच्या अंगावर ती इंधनासाठी आहे असा छाप आणि तिच्या दर्जाची खूण असावी. एसएई जे-३० या प्रचलित मानकातील आर-७ ही खूण कमी दाबाच्या नळीची आणि आर-९ ही इंजेक्शनच्या दाबाची व इथेनॉलला अधिक दाद न देणाऱ्या अस्तराची निदर्शक आहे. छाप नसलेली नळी कितीही मऊ व चकचकीत असली तरी ती पाण्याची की हवेची, हे सांगता येत नाही. नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापावी. तिची लांबी अशी असावी, की ती ताणली जाणार नाही आणि तिला घडीही पडणार नाही. ती सहज वळणाने सतत उतरती असावी. मध्येच वर चढणारे वळण राहिले, तर तेथे हवा अडकून पेट्रोल थांबते. इंजिनाच्या पंख्यांना आणि धुराच्या नळकांड्याला तिचा स्पर्श होता कामा नये. क्लिप दोन्ही टोकांस हवी. स्प्रिंगची क्लिप रबरावर सारखा दाब ठेवते, तर वाजवीपेक्षा जास्त आवळलेली स्क्रूची क्लिप रबर कापते. मध्ये गाळणी असेल तर तिच्यावरील बाण कार्बोरेटरच्या दिशेस ठेवावा. मग टाकी भरून कॉक उघडावा, दहा मिनिटे थांबावे, आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरून पाहावे. कागद कोरडा राहिला, तरच बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

येथवरचे विवेचन कार्बोरेटरच्या गाडीस लागू पडते. २०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकली इंजेक्शनच्या झाल्या. त्यांच्या नळीत इंजिन बंद असतानाही दाब शिल्लक राहतो. जोड सोडताच पेट्रोल पिचकारीप्रमाणे उडते, आणि ते डोळ्यांत वा तापलेल्या भागावर जाऊ शकते. अशा गाडीची नळी मूळ उत्पादकाचीच घ्यावी आणि दाब उतरविण्याची रीत ठाऊक असलेल्या कारागिराकडूनच बसवून घ्यावी. या ठिकाणी काटकसर आणि स्वावलंबन हे दोन्ही गुण अस्थानी ठरतात.

खरा प्रश्न नळी कशी बदलावी हा नसून ती कधी बदलावी हा आहे. फुटल्यावर बदलावयाची वस्तू म्हणून तिच्याकडे पाहिले जाते, आणि तेथेच चूक होते. टायरची नक्षी झिजली की तो बदलावयाचा, हे सर्वांना पटते, कारण ती झीज डोळ्यांस दिसते. नळीची झीज दिसत नाही. म्हणून तिच्या बाबतीत डोळ्यांऐवजी दिनदर्शिकेवर विश्वास ठेवावा लागतो. काही जपानी उत्पादकांच्या देखभाल-पत्रकांत इंधनाची नळी दर चार वर्षांनी बदलावी असे स्पष्ट लिहिलेले असते. ती गळत असो वा नसो. पूर्वीच्या वाहनात नवे मिश्रण वापरणाऱ्याने हा कालावधी अधिक न लांबविणेच शहाणपणाचे. नवी नळी बसविल्याची तारीख टाकीच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवणे, ही मिस्त्रीच्या दृष्टीने एका मिनिटाची बाब आहे. परंतु तेवढ्याने पुढच्या मालकास, आणि त्याच्याही पुढच्या मालकास, त्या नळीचे वय कळते. छोट्या ग्वालटोलीत वा छावणीत सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराने छाप नसलेली नळी पेट्रोलसाठी मागणाऱ्यास ती देऊ नये, आणि दिलीच तर ती कशाची आहे ते सांगावे, एवढी अपेक्षाही अवाजवी नाही.

मोटरसायकल हे गरिबाच्या घरातील बहुधा सर्वांत महाग यंत्र असते. तिच्यासाठी कर्ज काढलेले असते, हप्ते फेडलेले असतात, आणि मुलांची फी व आजाऱ्याचे औषध तिच्या कमाईतून आलेले असते. अशा यंत्राचा विनाश, आणि प्रसंगी माणसाच्या जिवाचा धोका, काही रुपयांच्या रबरावर अवलंबून ठेवण्यात काटकसर नाही. येत्या रविवारी गाडी धुताना टाकीखाली एकदा हात घालून ती नळी चिमटीत धरून पाहावी. ती कडक लागली, किंवा मऊ लागली, किंवा तिचे वय आठवेना, तर सोमवारी ती बदलून घ्यावी.